धावा आणि वेष : सुपरहीरोच्या आकर्षणाचे मानसशास्त्र

सुपरहीरो हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की 'अतिमानव' किंवा 'महानायक' हे प्रतिशब्द त्याच्यापुढे उपरे वाटतात. या शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या नायकाजवळ माणसाच्या आवाक्यापलीकडचे सामर्थ्य असते, ते दुसऱ्याच्या रक्षणासाठीच वापरायचे असे व्रत त्याने घेतलेले असते, आणि हे सारे झाकून ठेवणारी एक साधी, चारचौघांसारखी ओळखही त्याला असते. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात वाढलेल्या जेरी सीगल व जो शूस्टर या दोन तरुणांचा सुपरमॅन १९३८ साली 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला, तेव्हापासून या नायकाचा इतिहास सांगण्याची रीत आहे, आणि छापील चित्रकथेपुरती ती योग्यही आहे. परंतु ज्या मानसिक गरजेतून असा नायक जन्माला येतो ती गरज मराठी माणसाला त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती आणि मराठी भाषेने तिला नावेही दिलेली होती. त्या नावांच्या आधाराने सुपरहीरोचे आकर्षण समजून घेणे, आणि ज्या केडगावात हे व्याख्यान होत आहे त्या गावात याच गरजेला एकेकाळी मिळालेले प्रत्यक्ष उत्तर तपासून पाहणे, हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

त्यांतील पहिले नाव 'धावा' हे होय. संकटात सापडलेला माणूस देवाचा धावा करतो तेव्हा तो नुसती हाक मारीत नसतो. ऐकणाऱ्याने असेल तसे उठून धावत यावे, ही निकड त्या एका शब्दात भरलेली असते. मगरीने पाय धरलेल्या गजेंद्राचे किंवा भर सभेत उभ्या केलेल्या द्रौपदीचे आख्यान कीर्तनकार रंगवून सांगतो तेव्हा श्रोत्यांना शेवट पाठ असतो, तरीही 'वेळेवर पोहोचेल ना' या एकाच प्रश्नावर सारी सभा श्वास रोखून बसते. सुपरहीरोच्या चित्रपटातील शेवटचा अर्धा तास याच प्रश्नावर उभा असतो आणि तिथेही शेवट सर्वांना आधीच माहीत असतो. गावोगाव वेशीवर शेंदूर लावलेला मारुती उभा असतो तोही याच भावनेने; गावात शिरणाऱ्या संकटाला आधी त्याच्याशी गाठ घालावी लागेल, हा भरवसा त्या जागेतच आहे.

या भरवशाचे मूळ फार लहान वयात असते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडलेल्या उपपत्तीप्रमाणे, तान्हे मूल रडते तेव्हा कोणीतरी धावून येते, आणि हा अनुभव पुन्हा पुन्हा आला की मुलाच्या मनात त्या व्यक्तीशी एक बंध पक्का होतो. या बंधाचा परिणाम मात्र वरवर उलटा दिसतो: ज्या मुलाला आई येईल याची खात्री असते ते तिला चिकटून बसत नाही, ते उंबरा ओलांडून अंगणात जाते, आणि ज्याला ती खात्री नसते ते पदर सोडत नाही. भरवसा माणसाला धीट करतो. म्हणून सुपरहीरोवर जीव टाकणारे मूल दुबळे किंवा परावलंबी आहे असे समजणे चुकीचे ठरते. पुष्कळदा ते अंगणात उतरण्यासाठी लागणारा धीर गोळा करीत असते, आणि वडीलधाऱ्यांनी त्याची टिंगल केली तर ते त्या धीराला मुकते.

दुसरे नाव 'वेष'. पाश्चात्त्य समीक्षक सुपरहीरोच्या गुप्त ओळखीचे विवेचन सुपरमॅनच्या चष्म्यापासून सुरू करतात, पण मराठी श्रोत्याला हा प्रकार श्रीखंड्याच्या कथेतून पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचा आहे. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा एक गडी बारा वर्षे कावडीने गोदावरीचे पाणी भरीत होता, सहाणेवर चंदन उगाळीत होता, सांगितलेले काम निमूटपणे करीत होता, आणि तो प्रत्यक्ष श्रीकृष्ण होता हे तो निघून गेल्यावरच उमगले, अशी ही कथा. नाथषष्ठीला पैठणच्या वाड्यातला रांजण पाण्याने भरण्याची प्रथा आजही पाळली जाते ती याच श्रद्धेपोटी. दामाजीपंतांच्या कथेत हाच वेष आणखी बोचरा होतो. दुष्काळात मंगळवेढ्याचे सरकारी धान्याचे कोठार दामाजीपंतांनी उपाशी लोकांसाठी उघडले, बेदरच्या बादशहाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम केला, आणि ते वाटेत असतानाच विठू महार होऊन आलेल्या विठ्ठलाने दरबारात धान्याचे मोल चुकते करून पावती घेतली. ज्या समाजात महाराची सावली टाळली जात होती त्या समाजाने आपल्या तारणहाराला नेमका तोच वेष दिला, ही गोष्ट पुन्हा पुन्हा विचार करण्याजोगी आहे.

वेषाच्या कथेतून मिळणारे मानसिक समाधान धाव्याच्या समाधानाहून वेगळे असते. धाव्याच्या कथेत ऐकणारा स्वतःला संकटग्रस्ताच्या जागी पाहतो. वेषाच्या कथेत तो स्वतःला नायकाच्याच जागी पाहतो, कारण वेष साधा असल्यामुळे ती जागा त्याला बसते. ज्याला वर्गात शेवटच्या बाकावर बसवले जाते, ज्याचे नाव हजेरीखेरीज कोणी घेत नाही, त्याला 'माझ्यात काय आहे हे अजून कोणी पाहिलेले नाही' असे वाटून घेण्याची सोय ही कथा करून देते. ऑस्ट्रियाचे मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलर यांनी न्यूनतेच्या जाणिवेतून माणूस भरपाईकडे कसा वळतो ते विस्ताराने मांडले आहे, आणि सुपरहीरोच्या वाचनाला त्यांची ही कल्पना चपखल लागू पडते. मात्र केवळ भरपाई म्हणून ती उडवून लावणे अन्यायाचे होईल, कारण पुष्कळ माणसांच्या बाबतीत त्यांच्यातले सामर्थ्य खरोखरच कोणी पाहिलेले नसते.

या दोन्ही धाग्यांची गाठ मराठी वाचनात एका विलक्षण ठिकाणी पडली. अमेरिकन लेखक ली फॉक यांचा 'फँटम' हा बुरखाधारी नायक १९३६ मध्ये वृत्तपत्रातील चित्रमालिकेतून सुरू झाला. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स ही मालिका काढली आणि ती मराठीतही आली, तेव्हा या फँटमचे नाव झाले 'वेताळ'. नाव सुचवणाऱ्याने नुसता शब्द बदलला नाही, त्याने त्या परदेशी नायकाला एक गाव मिळवून दिले. महाराष्ट्रात आणि गोव्यात वेताळ हा भुतांचा राजा म्हणून भयाचा विषय आहे तसाच गावाच्या शिवेचा राखणदारही आहे. पुण्यातल्या एका टेकडीला त्याचे नाव आहे, शेंदूर माखलेल्या अनघड दगडाच्या रूपात तो माळावर उभा असतो आणि रात्री मशालींच्या उजेडात त्याची पालखी निघते असे सांगितले जाते. रात्री त्याच्या ठाण्याजवळून जाताना ज्या मुलाची पावले झपझप पडत, त्याच मुलाने दुपारी पारावर बसून वेताळाची चित्रकथा वाचली आणि भीती वाटणारी शक्ती आपल्या बाजूने उभी राहू शकते हे त्याला कळले. भीतीला आपल्या पक्षात ओढून घेणे हे बालमनाचे फार जुने कौशल्य आहे, आणि एका नामांतराने ते किती सहज साधले गेले याचे याहून चांगले उदाहरण मराठीत क्वचित सापडेल.

अर्थात या वेताळाबरोबर एक खोट्या जातीचा मालही आला. मूळ कथेतला फँटम गोरा आहे आणि आफ्रिकेच्या काल्पनिक जंगलातील काळ्या लोकांचे रक्षण तो पिढ्यान्‌पिढ्या करतो. त्या लोकांना स्वतःचे रक्षण स्वतः करता येत नाही, हे तिथे गृहीतच धरलेले आहे. मराठी नावाने हा रंगाचा प्रश्न वाचकाच्या नजरेआड गेला. तरीही फँटमच्या कल्पनेत एक गोष्ट अशी आहे की जी इतर बहुतेक सुपरहीरोंच्या कथेत नाही: तो मरतो. जंगलातले लोक त्याला अमर मानतात, पण प्रत्यक्षात बापाच्या मृत्यूनंतर मुलगा तोच मुखवटा चढवून तीच शपथ घेतो आणि अशा एकवीस पिढ्या झालेल्या असतात. त्याचे अमरत्व देहाचे नाही, कामाचे आहे. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

धावा आणि वेष यांच्याखाली तिसरी एक गोष्ट असते, ती म्हणजे जखम. सुपरमॅनचा सगळा ग्रह नष्ट झालेला आहे; १९३९ मध्ये आलेल्या बॅटमॅनच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईवडिलांचा खून होतो; १९६२ मधील स्पायडरमॅन पोरका आहे आणि ज्या चोराला त्याने हात न लावता जाऊ दिले तोच चोर पुढे त्याच्या काकांचा जीव घेतो. सुपरमॅनचा निर्माता जेरी सीगल याचे वडीलही १९३२ मध्ये त्यांच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात चोरी होत असताना मरण पावले होते. त्या मृत्यूतूनच सुपरमॅन जन्मला असे ठामपणे म्हणता येणार नाही, पण ज्याला गोळी लागत नाही असा नायक एका पोरक्या तरुणाला सुचावा, यात नवल वाटण्याजोगेही काही नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एर्विन स्टाउब यांनी 'दुःखातून उपजलेली परोपकारबुद्धी' अशी संकल्पना मांडली आहे. तिचा आशय असा की ज्याने स्वतः अत्याचार किंवा आपत्ती भोगली आहे तो दरवेळी कडवट होतोच असे नाही. त्याला वेळेवर आधार मिळाला आणि आपल्या हातून काही घडू शकते याचा अनुभव आला, तर तेच दुःख त्याला दुसऱ्याच्या दुःखाकडे ओढून नेते. येथे अट महत्त्वाची आहे. दुःख माणसाला आपोआप मोठे करते हा समज क्रूर आहे, कारण दुःखाने मोडून पडलेली माणसे संख्येने कितीतरी जास्त असतात आणि त्यांच्यावर कोणी चित्रकथा लिहीत नाही.

ही संकल्पना पडताळण्यासाठी केडगावहून लांब जाण्याची गरज नाही. पंडिता रमाबाई यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, तिने ते मुलीला शिकवले, आणि हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरत राहिले. १८७०च्या दशकातील दुष्काळाने या कुटुंबाची उपासमार झाली आणि वडील, आई व थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. आईची तिरडी उचलायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास होता, आणि चौथा खांदा रमाबाईंनी द्यायचा होता, पण त्यांची उंची कमी असल्यामुळे त्यांनी तिरडीचा आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला आणि सुमारे तीन मैल दूर असलेल्या स्मशानापर्यंत तो वाहिला. पुढे दोघे बहीणभाऊ पायी भारतभर भटकली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीने जीव जाण्याची वेळ आली, अंगावर घ्यायला काही नव्हते, तेव्हा त्यांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यांत शिरून डोके तेवढे बाहेर ठेवले आणि कोरडी वाळू अंगावर ओढून रात्र काढली. हे सारे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या ती विशीतली मुलगी असल्या रात्रींमधून तिथवर आली होती. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले, आणि मनोरमा ही तान्ही मुलगी पदरात राहिली.

कोणत्याही चित्रकथेच्या पहिल्या अंकाला पुरून उरेल एवढी ही जखम आहे. पुढची घटना मात्र चित्रकथेच्या वाटेने गेली नाही. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले, पुढल्याच वर्षी ते पुण्याला आणले, आणि १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे थैमान चालू होते, म्हणून या मुलींना केडगावच्या शेतावर आणले गेले आणि तिथे 'मुक्ती' उभी राहिली. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा मुक्तीतील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. उपासमार काय असते हे ज्या बाईने स्वतःच्या पोटात अनुभवले होते ती दुष्काळी छावण्यांतून फिरून मुलींना आगगाडीत बसवून पर्जन्यछायेतल्या या माळावर आणत होती. तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, त्यावरून पुण्यात वादळ उठले, केसरीने शारदासदनावर सडकून टीका केली, आणि महाराष्ट्राने पुष्कळ काळ तिला आपली म्हणण्याचे टाळले. या वादाची दोन्ही बाजूंनी चर्चा पुष्कळ झालेली आहे. येथे नोंदवायचे ते एवढेच की धावा ऐकून त्या काळात जे धावले त्यांत ही बाई अग्रभागी होती.

सुपरहीरोच्या कथेत वाचवणारा वाचवलेल्यांना सुरक्षित जागी ठेवतो आणि निघून जातो. त्यानंतर त्या माणसांचे काय होते, हे कथेला विचारायचे नसते. या त्रुटीचे परिणाम वाचकाच्या मनावरही होतात. न्यूयॉर्कमध्ये जॉन डार्ली आणि बिब लटाने यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दुसऱ्या खोलीतून एका माणसाला झटका आल्याचा आवाज ऐकवला गेला. हा आवाज आपण एकट्यानेच ऐकतो आहोत असे समजणाऱ्यांपैकी ८५ टक्के जण त्याचे बोलणे तुटण्याआधी मदतीसाठी उठले, आणि आणखी चार जण तो ऐकत आहेत असे समजणाऱ्यांपैकी ३१ टक्केच उठले. कोणीतरी आहे, कोणीतरी करील, ही जाणीव माणसाचे पाय धरून ठेवते. आकाशातून कोणीतरी येणारच आहे असे सांगणारी कथा दररोज ऐकली तर ही जाणीव बळावण्याचा धोका असतो. दूरदर्शनवर १९९७ पासून 'शक्तिमान' ही मालिका सुरू झाली, तेव्हा तो वाचवायला येईल या समजुतीने मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या आल्या आणि मालिकेतूनच मुलांना परोपरीने समजावून सांगावे लागले. ती मुले वेडी नव्हती. त्यांनी धाव्याची कथा तिच्या शब्दाला जागून ऐकली होती.

याच्या उलट दिशेला नेणारे एक संशोधन २०१७ मध्ये रेचेल व्हाइट, अँजेला डकवर्थ, स्टेफनी कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांना संगणकावर एक मुद्दाम कंटाळवाणे काम दहा मिनिटे करायला दिले, आणि शेजारी आवडता खेळ ठेवून 'हे फार महत्त्वाचे काम आहे, पण कंटाळा आला तर तिकडे जाता येईल' असे सांगितले. काही मुलांनी मधूनमधून 'मी नीट काम करतो आहे का' असे स्वतःला विचारायचे होते, काहींनी स्वतःचे नाव घेऊन तोच प्रश्न विचारायचा होता, आणि काहींना बॅटमॅनचा किंवा बॉब द बिल्डर या गवंड्याचा, किंवा अशाच एखाद्या पात्राचा वेष देऊन 'बॅटमॅन नीट काम करतो आहे का' असे विचारायला सांगितले होते. या शेवटच्या गटातील मुले सर्वांत जास्त वेळ कामाला चिकटून राहिली. मानसशास्त्रात याला स्वतःपासून अंतर घेणे म्हणतात: कंटाळलेला तो दुसराच कोणी आहे असे मानून माणूस आपल्याच कंटाळ्याकडे थोडे बाहेरून पाहू शकतो आणि त्यामुळे त्याच्या तावडीतून सुटतो. या प्रयोगातला बॅटमॅन कोणाला वाचवायला आला नव्हता आणि तो उडतही नव्हता. मुलाने अंगात घातल्यावर तो पुढ्यातले रटाळ काम पुरे करीत होता. त्याच यादीत एक गवंडीही होता, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मराठी बालसाहित्याला ही गोष्ट उपजतच कळलेली असावी. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे, हडपसरजवळच्या फुरसुंगीचा आहे. त्याच्याजवळ सायकल आहे, किडकिडीत अंग आहे, विचार सुचला की तोंडातून उमटणारा 'ट्टॉक' आहे, आणि कोणतीही अमानुष शक्ती नाही. पुणे जिल्ह्यातल्या मुलाने त्याच्यासारखे व्हायचे ठरवले तर त्याला परग्रहावर जन्म घ्यावा लागत नव्हता. चित्रपटांच्या झगमगाटात असा नायक मागे पडला, ही मराठी बालवाचकाची खरी हानी आहे.

मुक्तीत आणलेल्या मुलींना रमाबाईंनी प्रेक्षक म्हणून ठेवले नाही. कोणी मागावर बसले, कोणी तेलाच्या घाण्यावर, कोणी शेतात, कोणी शिवणात, कोणी आजाऱ्यांच्या शुश्रूषेत. ज्या मुली लवकर सावरल्या त्या नव्याने आलेल्या अशक्त मुलींना भरवू लागल्या, आणि अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाऊ लागली. या कामांना चित्रपटाची लय नाही. दहा मिनिटांच्या प्रयोगातल्या कामासारखीच ती एकसुरी असतात आणि ती वर्षानुवर्षे करायची असतात. सर्वांत एकसुरी काम छापखान्यातले होते. शिशाचे खिळे खणांतून एकेक करून उचलायचे, उलटे वाचत ओळीत बसवायचे, मुद्रिते तपासून आली की चुकीचा खिळा काढून दुसरा घालायचा, आणि छपाई झाली की सगळे मोडून परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले होते आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात जुळवले जात होते. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई केडगावातच वारल्या. संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर पडला तो १९२४ मध्ये, आणि त्या मधल्या दोन वर्षांत केडगावच्या छापखान्यात खिळे उचलणारे हात मुक्तीतल्या स्त्रियांचे होते.